तार नेमकी कुठे तुटली?

ऑपरेशन थिएटरमधली शेवटची दहा मिनिटं बाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांच्या वाट्याला कधी येत नाहीत. सर्जनचे टाके संपत आलेले असतात, सिस्टर गॉजचे तुकडे मोजत असतात आणि टेबलाच्या डोक्याशी उभे असलेले भूलतज्ज्ञ एका सिरिंजमध्ये औषध भरत असतात. ‘रिव्हर्सल दिलं,’ एवढंच ते म्हणतात आणि मॉनिटरकडे बघत राहतात. पुढची काही मिनिटं त्यांची नजर एका आकड्यावर असते: हृदयाचे ठोके मिनिटाला किती?

रिव्हर्सल म्हणजे भूल उतरवायचं औषध, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. झोप लावणारी औषधं थांबवली की झोप आपली आपण उतरते. तिला उठवायला कोणी लागत नाही. पण पोट उघडायचं, घशात नळी घालायची तर स्नायू पार ढिले लागतात. त्यासाठी व्हेक्युरोनियम, ॲट्राक्युरियम, रोक्युरोनियम अशी वेगळी औषधं दिली जातात. त्यांचा अंमल उरलेला असताना रुग्ण जागा झाला, तर त्याला सगळं ऐकू येईल, पण मान उचलता येणार नाही आणि श्वास पुरा पडणार नाही. रिव्हर्सल हे अडकलेले स्नायू सोडवतं. गेली कित्येक दशकं या कामाचा मुख्य गडी आहे निओस्टिग्मिन. आणि या गड्याची एक खोड आहे: तो स्नायू सोडवता सोडवता हृदयाचा वेग कमी करतो.

आता प्रश्न असा. ज्या माणसाच्या छातीत दुसऱ्याचं हृदय बसवलेलं आहे, ज्या हृदयाच्या मेंदूकडून येणाऱ्या सगळ्या तारा कापलेल्या आहेत, त्या हृदयावर ही खोड चालेल का? बरीच वर्षं उत्तर ‘नाही’ असं होतं. उत्तर तर्काला धरून होतं, सोपं होतं, आणि चुकीचं होतं.

ते का चुकलं हे कळायला आधी पश्चिम आफ्रिकेतल्या एका बीपर्यंत मागे जावं लागतं. आजच्या नायजेरियातल्या कॅलाबार भागात संशयिताला एका वेलीचं बी खायला घालून न्याय करत. वाचला तर निर्दोष, मेला तर गुन्हेगार. मराठेशाहीत वतनाच्या भांडणात उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायचं रवादिव्य करवत, त्याच जातीची ही कसोटी. एडिंबराच्या रॉबर्ट क्रिस्टिसन या प्राध्यापकांनी १८५५ मध्ये ते बी स्वतः खाऊन पाहिलं. अंगातलं बळ गेलं, हृदयाची लय बिघडली. तेव्हा दाढीचं पाणी पिऊन त्यांनी ओकारी काढली आणि जीव वाचवला. या बीमधलं विष १८६४ मध्ये वेगळं काढण्यात आलं: फायसोस्टिग्मिन. निओस्टिग्मिन हे त्याचंच १९३१ मध्ये प्रयोगशाळेत घडवलेलं भावंड.

ही दोन्ही भावंडं करतात काय? आपल्या शरीरात मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोचतो तो ॲसिटिलकोलीन नावाच्या रेणूच्या रूपानं. तंतूच्या टोकातून हा रेणू सुटतो, स्नायूवरच्या ग्राहकाला चिकटतो, स्नायू आकसतो. निरोप पोचला की तो ताबडतोब पुसावाही लागतो, नाहीतर स्नायू आकसलेलाच राहील. पुसायचं काम एक विकर करतं. निओस्टिग्मिन या विकराचे हात बांधून ठेवतं. मग ॲसिटिलकोलीन साचत जातं आणि स्नायूंच्या ग्राहकांवर ठाण मांडून बसलेल्या व्हेक्युरोनियमला रेटून बाजूला सारतं. स्नायू मोकळे होतात.

महाराष्ट्रातल्या ग्रामीण डॉक्टरांना हे विकर चांगलंच ठाऊक आहे, फक्त दुसऱ्या वाटेनं. कापसावर फवारायची कित्येक कीटकनाशकं याच विकराचे हात बांधतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा सरकारी दवाखान्यांतून जी लक्षणं दिसत होती – तोंडाला लाळ, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या, मंदावणारी नाडी – ती पुष्कळशी साचलेल्या ॲसिटिलकोलीनची होती. अशा रुग्णाला ॲट्रोपिनची इंजेक्शनं एकामागून एक देतात, तेही या साचलेल्या ॲसिटिलकोलीनचा परिणाम रोखण्यासाठी.

कारण ॲसिटिलकोलीन हा काही फक्त हातापायांच्या स्नायूंचा निरोप्या नाही. हृदयाला लगाम घालणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूचा निरोपही तोच नेतो. मेंदूच्या बुडख्यापासून निघून मानेतून छातीत आणि पुढे पोटात भटकत जाणारा हा तंतू. लॅटिनमध्ये त्याच्या नावाचा अर्थच भटक्या. निरोगी माणसाचं हृदय त्याच्या मनाप्रमाणे सोडलं तर मिनिटाला साधारण शंभर वेळा धडधडेल. ते सत्तरच्या आसपास राहतं, कारण व्हेगस रात्रंदिवस लगाम खेचून धरतो. निओस्टिग्मिन दिलं की हृदयातही ॲसिटिलकोलीन साचतं, लगाम आणखी आवळला जातो आणि ठोके मंदावतात. म्हणून भूलतज्ज्ञ एकटं निओस्टिग्मिन सहसा देत नाहीत. सोबत ग्लायकोपायरोलेट किंवा ॲट्रोपिन असतं. ते हृदयातले ग्राहक झाकून ठेवतं आणि स्नायूंच्या ग्राहकांना हात लावत नाही. आपल्याकडे दोन्ही एकाच ॲम्प्युलमध्ये मिळतात: अडीच मिलिग्रॅम निओस्टिग्मिन, अर्धा मिलिग्रॅम ग्लायकोपायरोलेट. एक गाडी ओढतो, दुसरा ब्रेक सैल धरतो.

आता हृदय प्रत्यारोपणाकडे येऊ. दात्याचं हृदय काढताना त्याच्याकडे येणारे सगळे मज्जातंतू कापले जातात आणि नव्या छातीत ते कोणी जोडत नाही. रक्तवाहिन्या शिवता येतात. हे केसासारखे तंतू शिवणं सर्जनच्या हातातलं काम नाही. त्यामुळे नवं हृदय मेंदूशी बोलणं बंद करतं. ते चालतं, कारण त्याचा स्वतःचा ठोका पाडणारा पुंजका, सायनस नोड, त्याच्यासोबतच आलेला असतो. लगाम गेल्यामुळे ते विश्रांतीतही मिनिटाला नव्वद ते एकशे दहा या वेगानं चालतं. श्वास आत घेताना नाडी थोडी वाढावी आणि सोडताना उतरावी, ही सगळ्यांच्या नाडीत असलेली लाट त्यात सापडत नाही. रक्तपुरवठा अडला तरी छातीत कळ उठेलच असं नसतं, कारण कळ सांगणारे तंतूही कापलेले असतात. जिना चढायला लागलं की आपलं हृदय पहिल्या चार पायऱ्यांतच वेग घेतं. बदललेलं हृदय मात्र रक्तातून ॲड्रिनलिन येईपर्यंत वाट बघतं आणि जिना संपल्यावरही बराच वेळ धावत राहतं.

म्हणून ते दुबळं असतं असं मात्र नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये १९६० च्या दशकात शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांच्या हृदयाचे तंतू कापून त्यांना पुन्हा पळवण्यात आलं. ती जवळजवळ पूर्वीच्याच वेगानं पळाली.

जुन्या पद्धतीच्या प्रत्यारोपणातली एक गंमत तर ईसीजीच्या कागदावर दिसते. स्टॅनफर्डचे नॉर्मन शुमवे आणि त्यांचे सहकारी रिचर्ड लोअर यांनी घडवलेल्या तंत्रात रुग्णाच्या स्वतःच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा थोडा भाग जागेवर ठेवून त्याला नवं हृदय शिवत. त्या उरलेल्या तुकड्यात रुग्णाचा मूळ सायनस नोड असे आणि त्याचा व्हेगस शाबूत असे. तो बिचारा मेंदूचे हुकूम पाळत आपल्या वेगानं ठोके देत राही. पण शिवणीचा व्रण ओलांडून त्याचा ठोका पलीकडे जात नसे. ईसीजीवर दोन वेगवेगळ्या तालांच्या लहरी उमटत: एक जुन्या घरमालकाची, एक नव्याची. घर मात्र नव्याच्या तालावर चाले.

या सगळ्यावरून भूलशास्त्रात एक सरळ निष्कर्ष निघाला. व्हेगस कापला आहे. म्हणजे हृदयात साचायला ॲसिटिलकोलीन येणारच नाही. म्हणजे निओस्टिग्मिननं ठोके मंदावणार नाहीत. म्हणजे सोबतच्या ग्लायकोपायरोलेटची हृदयासाठी तरी गरज नाही. शिवाय ॲट्रोपिन दिल्यानं बदललेल्या हृदयाचा वेग वाढत नाही, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलंच होतं. जिथे लगामच नाही तिथे तो सोडवून वेग कुठून वाढणार? दोन्ही बाजूंनी हिशोब जुळत होता. कागदावर इतका चोख जुळणारा हिशोब मला नेहमीच थोडा संशयास्पद वाटतो. पण मी हे घटना घडून गेल्यावर लिहितो आहे, तेव्हा त्यात शहाणपण काही नाही.

पहिला धक्का १९९३ मध्ये आला. कॅनडातल्या मॉन्ट्रियलहून भूलतज्ज्ञ स्टीव्हन बॅकमन आणि सहकाऱ्यांनी एका रुग्णाची हकिकत छापली: हृदय बदललेलं, निओस्टिग्मिन दिलं, ठोके मंदावले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतून हृदय बदललेल्या दोन रुग्णांची नोंद आली. त्यांच्यात निओस्टिग्मिननंतर सायनस नोडनं ठोके देणंच थांबवलं होतं. त्या टिपणाच्या लेखकांत सारा शुमवे हे नाव आहे. ज्या नॉर्मन शुमवेंनी हृदय बदलण्याचं तंत्र घडवलं, त्यांची ही सर्जन मुलगी. वडिलांच्या शिवणीच्या पलीकडे काय चाललं आहे, याची एक खूण मुलीच्या हातून कागदावर आली, असं म्हणायला हरकत नाही.

एक-दोन रुग्णांच्या हकिकतींवर विज्ञान ठरत नाही. म्हणून बॅकमन यांनी मॉन्ट्रियलमध्येच नीट मोजमाप केलं आणि ते १९९६ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांनी तीन गट घेतले. एका गटात स्वतःचंच हृदय असलेले लोक, दुसऱ्यात प्रत्यारोपणाला सहा महिन्यांहून कमी काळ झालेले, तिसऱ्यात त्याहून अधिक काळ लोटलेले. निओस्टिग्मिनचा डोस थोडा थोडा वाढवत नेला आणि ठोके मोजले. तिन्ही गटांत वेग उतरला. डोस वाढला तसा अधिक उतरला. सगळ्यांत हळवे ठरले स्वतःचं हृदय असलेले, सगळ्यांत कमी हळवे नुकतं हृदय बदललेले, आणि जुने प्रत्यारोपणवाले मधोमध. मग ॲट्रोपिन दिल्यावर वेग लगेच पूर्ववत झाला.

मॉन्ट्रियल हे गाव या गोष्टीत दोनदा येतं, हा योगायोग मला आवडतो. स्नायू ढिले करणारं औषध भूल देताना पद्धतशीरपणे वापरायला जिथे सुरुवात झाली ते हेच शहर. २३ जानेवारी १९४२ रोजी तिथल्या हॅरोल्ड ग्रिफिथ यांनी अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी आलेल्या एका तरुणाला दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींच्या बाणांवरचं विष, क्युरारे, शुद्ध करून टोचलं. क्युरारेच्या अमलातून प्राण्याला फायसोस्टिग्मिन बाहेर काढतं, हे त्याआधीच, १९०० साली, व्हिएन्नाच्या याकोब पाल यांनी दाखवलेलं होतं.

तर हृदयाच्या सगळ्या तारा तुटलेल्या असताना हे ॲसिटिलकोलीन येत कुठून होतं? उत्तर तार कुठे तुटली, यात आहे.

मेंदूपासून हृदयापर्यंतचा निरोप एका दमात जात नाही. वाटेत एकदा हात बदलतो. पहिला तंतू आणतो, मध्ये चेतापेशींच्या पुंजक्यात निरोप दुसऱ्या पेशीच्या हाती पडतो आणि ती तो शेवटच्या ठिकाणी पोचवते. हृदयाचा वेग वाढवणाऱ्या सिंपथेटिक तंतूंमध्ये हा पुंजका हृदयापासून दूर, मानेच्या बुडाशी आणि पाठीच्या कण्याला लागून असतो. व्हेगसमध्ये मात्र हा पुंजका खुद्द हृदयाच्या अंगावर, वरच्या कप्प्यांभोवतीच्या चरबीत बसलेला असतो.

गावाकडच्या कारभारावरून हा फरक चटकन कळतो. तलाठी नावाला गावचा, राहायला तालुक्याला. कोतवाल मात्र गावातलाच. पावसाळ्यात पूल वाहून गेला की तलाठ्याचं येणं बंद. कोतवालाला तालुक्याचा हुकूम मिळत नाही हे खरं, पण तो गावातच असतो, घराघरांत त्याची जा-ये असते, आणि कोणी डिवचलं तर दवंडी तो आजही पिटू शकतो.

प्रत्यारोपणात सर्जनची कात्री पुलावर चालते. सिंपथेटिकचा तलाठी पलीकडे राहतो. त्याचे हृदयात उतरलेले तंतू मुळापासून तुटतात आणि वाळून जातात. व्हेगसचा कोतवाल मात्र दात्याच्या हृदयासोबत बर्फाच्या पेटीतून प्रवास करून नव्या छातीत येतो. त्याच्या पेशी जिवंत राहतात, त्यांच्या टोकांत ॲसिटिलकोलीनचा साठा राहतो, त्यातलं थोडं थोडं आपोआप झिरपतही राहतं. एरवी विकर ते लगेच पुसून टाकतं, म्हणून नाडीवर परिणाम दिसत नाही. विकराचे हात बांधले, की ते झिरपणं साचून लगामाचं काम करू लागतं. बॅकमन आणि सहकाऱ्यांनी मांजरांवर केलेल्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट पुढे आली: निओस्टिग्मिन विकर अडवून थांबत नाही, ते हृदयातल्या या पेशींना थेटही डिवचतं. म्हणजे हुकूम नसताना कोतवालाच्या हातात डफ देण्यासारखंच.

ॲट्रोपिनचं कोडंही इथेच सुटतं. विश्रांतीत असलेल्या बदललेल्या हृदयाला ॲट्रोपिन दिलं तर काही होत नाही, कारण त्या वेळी ग्राहकांवर ॲसिटिलकोलीन फारसं नसतंच. झाकायला काही नाही. निओस्टिग्मिननंतर ते असतं, म्हणून तेव्हा ॲट्रोपिन आणि ग्लायकोपायरोलेट दोन्ही कामाला येतात. ‘ॲट्रोपिनला प्रतिसाद देत नाही’ या निरीक्षणातून ‘ॲट्रोपिनची गरज नाही’ हा निष्कर्ष काढला गेला होता. निरीक्षण अगदी बरोबर होतं.

खरं तर याची चुणूक फार जुन्या एका प्रयोगात होती, आणि तो प्रयोग वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात. ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावी ओटो लोवी यांना १९२० च्या ईस्टरच्या सुमारास स्वप्नात एक प्रयोग सुचला. झोपेतच कागदावर खरडला. सकाळी स्वतःचं अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच स्वप्न पडलं, तेव्हा मात्र ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले. बेडकांची दोन हृदयं क्षारयुक्त पाण्यात ठेवली. एकाचा व्हेगस शाबूत, दुसऱ्याचा काढून टाकलेला. पहिल्याचा व्हेगस विजेनं उत्तेजित केला, ते मंदावलं. त्याच्याभोवतीचं पाणी दुसऱ्यावर घातलं. ज्याला व्हेगसच नव्हता ते हृदयही मंदावलं. मज्जातंतू रसायनानं बोलतात, याचा हा पुरावा. १९३६ चं नोबेल त्यांना हेन्री डेल यांच्यासोबत विभागून मिळालं. त्याआधी, १९२६ मध्ये, लोवी आणि त्यांचे सहकारी नाव्रातिल यांनी दाखवलं होतं की या रसायनाला नष्ट करणारी एक यंत्रणा हृदयातच आहे, आणि फायसोस्टिग्मिन ती अडवतं. तंतू काढलेलं हृदय, ॲसिटिलकोलीन आणि कॅलाबारच्या बीचं विष, ही तिन्ही पात्रं सत्तर वर्षं आधी एकाच टेबलावर आलेली होती. बेडकाच्या जागी माणूस आला, पाण्याच्या भांड्याच्या जागी छाती आली, आणि ओळख पटली नाही.

भूलतज्ज्ञांच्या दृष्टीनं यातली अडचणीची बाब आकड्याहून मोठी आहे. बहुतेक रुग्णांत ही घसरण सौम्य असते आणि जोडीचं औषध दिलं तर कित्येकदा जाणवतही नाही. पण ज्या थोड्यांत ती एकदम होते, तिथे सावरायला मागे कोणी नसतं. तुमच्या-माझ्या हृदयाचा वेग पडला, रक्तदाब घसरला, की सिंपथेटिक तंतू क्षणात टाच मारतात. बदललेल्या हृदयात ती टाचच नाही. शिवाय दात्याच्या छातीतून निघून नव्या छातीत बसेपर्यंत सायनस नोडनं रक्ताविना काही तास काढलेले असतात. तो काहींत जन्मभर थोडा अशक्त राहतो. १९९६ नंतरही अशा नोंदी येत राहिल्या. २००१ मध्ये कॅनडाच्या भूलशास्त्राच्या नियतकालिकात निओस्टिग्मिननंतर हृदय थांबल्याची हकिकत छापली गेली, २००७ मध्ये हृदय बदललेल्या एका तान्ह्या बाळाची. म्हणून अशा रुग्णासाठी ॲट्रोपिन भरून ठेवलं जातंच, आणि त्याशिवाय हृदयावर थेट काम करणारी ॲड्रिनलिन किंवा आयसोप्रिनलिनसारखी औषधं आणि बाहेरून ठोके द्यायचं यंत्रही हाताशी असतं. एरवी हमखास वापरलं जाणारं एफेड्रिन इथे कमी पडतं. ते पुष्कळसं काम तलाठ्यामार्फत करून घेतं, आणि तलाठी तर पुलापलीकडे.

जुने प्रत्यारोपणवाले नव्यांपेक्षा अधिक हळवे का, यावर एक तर्क आहे. वर्ष-दोन वर्षांनी काही रुग्णांत तंतू पुन्हा वाढून नव्या हृदयात शिरू लागतात. सिंपथेटिक तंतूंबाबत याचे पुरावे चांगले आहेत, व्हेगसबाबत तुटक. पूल पूर्ण बांधून होत नाही. कुठे एखादा साकव पडतो. कोणाच्या हृदयात किती साकव पडले, हे बाहेरून सांगता येत नाही. त्यामुळे दोन रुग्णांचं वय सारखं, ऑपरेशन सारखं, डोस सारखा, तरी नाडीचं वागणं वेगळं असू शकतं.

मग निओस्टिग्मिनच टाळावं का? त्यासाठी २००८ पासून युरोपात आणि २०१५ च्या अखेरीपासून अमेरिकेत एक वेगळंच औषध आहे: सुगामॅडेक्स. त्याचा रेणू म्हणजे साखरेच्या आठ रेणूंची बांगडी. ती रोक्युरोनियमला आपल्या पोटात घेऊन बंदिस्त करते. विकराच्या वाट्याला जात नाही, ॲसिटिलकोलीन साचवत नाही; अर्थात ॲट्राक्युरियम तिच्या पोटात मावत नाही, त्यावर तिचा उपयोग नाही. हृदय बदललेल्यांसाठी हाच सुटसुटीत उपाय वाटतो, आणि अनेक भूलतज्ज्ञ तो निवडतातही. पण इथेही तर्काला वाकुल्या दाखवणाऱ्या घटना घडल्या आहेत. सुगामॅडेक्सनंतर ठोके फार मंदावल्याच्या, क्वचित हृदय थांबल्याच्या नोंदी आहेत. औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकातच तसा इशारा आहे. २०१७ मध्ये हृदय बदललेल्या एका बालरुग्णातही तसं घडल्याचं छापून आलं, आणि कारण सुगामॅडेक्सच का, असा प्रश्न लेखकांनी शीर्षकातच विचारला. मला तो प्रामाणिकपणा भावला. ‘ॲसिटिलकोलीनशी संबंध नाही, म्हणजे हृदयाला धोका नाही’ हे वाक्य १९९० च्या आधीच्या त्या वाक्यासारखंच गुळगुळीत आहे.

हा विषय आपल्यापासून दूरचा वाटेल, पण तसा तो नाही. केपटाउनच्या ग्रूट शूर रुग्णालयात ३ डिसेंबर १९६७ रोजी ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाचं हृदय माणसाला पहिल्यांदा बसवलं. तो रुग्ण अठरा दिवस जगला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं होतं. रुग्ण काही तासच जगला. देशात ही शस्त्रक्रिया यशस्वी व्हायला आणि अवयवदानाचा कायदा यायला १९९४ उजाडलं. त्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी ती केली. मुंबईला तर आणखी एकवीस वर्षं थांबावं लागलं. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्यातल्या दात्याचं हृदय मुलुंडला आणून बसवलं गेलं.

आता अशी माणसं आपल्या आसपास राहतात, नोकरी करतात, गणपतीत रांगेत उभी राहतात. आणि त्यांना हर्निया होतो, पाय मोडतो. नवं हृदय शरीरानं नाकारू नये म्हणून घ्याव्या लागणाऱ्या गोळ्यांचाही त्रास असतो: काहींना पित्ताशयात खडे होतात, स्टिरॉइडमुळे काहींचा खुब्याचा सांधा झिजतो. ही ऑपरेशनं प्रत्यारोपणाच्या केंद्रातच होतील असं नाही. जिल्ह्याच्या ठिकाणीही होतील, आणि तिथल्या भूलतज्ज्ञाला असा रुग्ण आयुष्यात पहिल्यांदाच भेटत असेल.

तेव्हा तुमच्या घरात असं कोणी असेल, तर ऑपरेशन कितीही लहान असो, दातांचं का असेना, प्रत्यारोपणाचं डिस्चार्ज कार्ड आणि नुकताच काढलेला ईसीजी सोबत न्या. भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी तपासायला येतील, तेव्हा त्यांनी विचारायची वाट बघू नका. हृदय बदललेलं आहे हे सांगा, आणि कोणत्या महिन्यात, कोणत्या साली बदललं तेही सांगा.